किल्ल्याच्या मातीवर चाळीस मीटरचा वीर: ‘अल्ट्रामॅन’च्या पद्धतीने लघुपट कसा करावा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांत दिवाळीच्या सुट्टीत गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथांवर डोंगर, बुरूज व तटबंदी दिसते. दगड, गोणपाट, लाल माती, पीओपी आणि थर्माकोल यांतून खरे वाटणारे ठिकाण लहान आकारात उभे करण्याची ही विद्या ज्यांच्या हातात आहे, त्यांना जपानी दूरचित्रवाणीवरील महाकाय वीरांच्या मालिका कशा घडल्या हे समजायला फारसा वेळ लागत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहिलेल्या पिढीला तो प्रकार आठवत असेल. टोई या संस्थेने ती मालिका १९६७ साली जपानमध्ये सुरू केली होती. तिच्या आदल्या वर्षी ज्या मालिकेने हा साचा पक्का केला, तिचे नाव ‘अल्ट्रामॅन’. तिच्या निर्मितीत वापरलेल्या युक्त्यांच्या आधारे, गल्लीतील आठ-दहा मुले, दोन-तीन मोबाइल आणि दिवाळीनंतर मोडायलाच निघालेला किल्ला एवढ्या सामग्रीवर आठ ते दहा मिनिटांचा लघुपट कसा करता येईल, हे या लेखात सांगितले आहे.

प्रथम मूळ मालिकेविषयी आवश्यक तेवढे सांगतो. ‘अल्ट्रामॅन’चे भाग १७ जुलै १९६६ पासून ९ एप्रिल १९६७ पर्यंत टीबीएस वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी प्रसारित झाले. एकूण भाग ३९. निर्मिती त्सुबुराया प्रॉडक्शन्सची. या संस्थेचे संस्थापक एइजी त्सुबुराया यांचा जन्म १९०१ साली फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे झाला आणि १९५४ च्या ‘गोजिरा’, म्हणजेच गॉडझिला, या चित्रपटातील विशेष दृश्ये त्यांनीच साकारली होती. ‘किंग काँग’ पाहून ते भारावले होते. त्या चित्रपटातील बाहुली एकेका चौकटीगणिक, म्हणजे फ्रेमगणिक, किंचित हलवून चित्रित केलेली आहे, परंतु तेवढा वेळ हाताशी नसल्याने त्यांनी माणसाला पोशाख घालून लहान शहरात चालवण्याचा मार्ग धरला. ही तडजोड पुढे एका संपूर्ण कलाप्रकाराची ओळख ठरली. जपानी भाषेत या विशेष चित्रणाला तोकुसात्सु म्हणतात आणि त्यातील अजस्र प्राण्यांना कैजू. मी पुढे हेच दोन शब्द वापरणार आहे, कारण ‘राक्षस’ म्हटले की आपल्याकडे पुराणातील दुष्टत्व त्याला चिकटते आणि कैजू बहुधा दुष्ट नसतो. तो भूकंपासारखा किंवा पुरासारखा असतो.

कथेतील वीर ४० मीटर उंच आहे आणि त्याचे वजन ३५ हजार टन सांगितले आहे. हे वजन गणिताने निघत नाही. सत्तर किलोच्या माणसाची उंची चोवीस पटींनी वाढवली तर वजन सुमारे साडेनऊशे टन भरते. तरीही मला हा आकडा आवडतो, कारण तो पाहणाऱ्याला ज्या जडपणाची जाणीव करून द्यायची आहे तिच्याकडे बोट दाखवतो. आपल्या लघुपटाचे यश याच एका गोष्टीवर ठरते. पोशाख कितीही देखणा असला तरी वजन जाणवले नाही, तर पडद्यावर फक्त खेळण्यांतून फिरणारा मुलगा दिसतो. वजन जाणवण्यासाठी एकच प्रमाण ठरवून ते लांबी, वेळ, कॅमेऱ्याची उंची आणि साहित्य या चारही ठिकाणी पाळावे लागते.

प्रमाण

पोशाख आणि मुखवटा धरून तुमचा नट साधारण १६७ सेंटीमीटर उंच होत असेल, तर १ः२४ हे प्रमाण घ्यावे. त्यामुळे तो बरोबर ४० मीटरचा होतो. आता गल्लीत टेप घेऊन जा आणि खऱ्या वस्तू मोजून प्रत्येकीला २४ ने भागा. सात मीटर उंचीचे कौलारू दुमजली घर २९ सेंटीमीटरचे होईल, ऑटोरिक्षा ११ सेंटीमीटरची, लाल बस ४६ सेंटीमीटरची, विजेचा आठ मीटरचा खांब ३३ सेंटीमीटरचा, पंधरा मीटरचा माड ६२ सेंटीमीटरचा आणि माणूस अवघा ७ सेंटीमीटरचा. हा तक्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काम चालते त्या ठिकाणी टांगावा. किल्ला करताना मावळे एका मापाचे, तोफा दुसऱ्या मापाच्या आणि वाघ तिसऱ्याच मापाचा असला तरी आपण ते गोड मानून घेतो. कॅमेरा ते मानून घेत नाही.

याच गणितातून लढाईची जागाही ठरते. नटाच्या पायाची लांबी २६ सेंटीमीटर असेल तर वीराचे पाऊल सव्वासहा मीटरचे झाले. शहापूरच्या किंवा बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत ते आडवे मावणारच नाही. म्हणून लढाई गल्लीत ठेवू नये. चौक, मैदान, रेल्वेरुळांच्या कडेची मोकळी जागा किंवा येळ्ळूरकडची भातशेती घ्यावी. मूळ मालिकेतही बऱ्याच लढाया डोंगराळ आणि मोकळ्या भागात घडतात. शहर उभारण्यापेक्षा डोंगर उभारणे स्वस्त पडते, हे तेथील निर्मात्यांनाही चुकले नव्हते.

सुरुवात करणाऱ्यांनी भातशेतीच निवडावी असे माझे मत आहे. किल्ल्यावर आपण अळीव, मोहरी किंवा नाचणी पेरतो. तिची रोपे चार-पाच सेंटीमीटर वाढली की आपल्या प्रमाणात ती एक मीटरहून थोडी उंच होतात, म्हणजे थेट उभे भात. चाळलेल्या लाल मातीचे अरुंद बांध घालून मध्ये ही रोपे दाट उगवू द्यावीत. मातीतले हरभऱ्याएवढे ढेकूळसुद्धा प्रमाणात वीतभर लांबीचे होते, म्हणून माती पिठाच्या चाळणीने चाळल्याशिवाय वापरू नये. मंच साधारण चार मीटर रुंद आणि पाच मीटर खोल असावा. त्याच्या मागच्या कडेला किल्ला येईल अशी रचना करावी. मागे ठेवलेल्या वस्तू मुद्दाम अधिक लहान प्रमाणात केल्या की अंतर वाढल्याचा भास होतो. तोकुसात्सुत ही नेहमीची युक्ती आहे. एक मीटर उंचीचा किल्ला मागे उभा असेल आणि त्यावरील झाडे, वाटा व तट १ः१०० च्या मापाने केलेले असतील, तर तो शंभर मीटरच्या टेकडीसारखा, आपल्या राजहंसगडाच्या डोंगरासारखा दिसतो. त्याच्या पायथ्याशी पातळ पांढरे मलमल ताणून धरले तर सकाळचे धुकेही मिळते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. किल्ल्याचा मंच करण्यापूर्वी सिंहासनावरील महाराजांची मूर्ती आणि सर्व मावळे सन्मानाने काढून घरात ठेवावेत, आणि हे काम चित्रीकरणाच्या दिवशी घाईत करू नये. तसेच कोणतेही खरे देऊळ, मशीद, चर्च, बस्ती (जैन मंदिर) किंवा पुतळा पाडण्याच्या दृश्यात घेऊ नये. पडणाऱ्या इमारती कल्पित असाव्यात. संदर्भासाठी छायाचित्रे घेताना कॅम्प भागातील लष्करी हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा उघडू नये.

वेळ

तोकुसात्सुचा खरा प्राण येथे आहे, म्हणून या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. चाळीस मीटर उंचीवरून दगड पडला तर जमिनीवर यायला त्याला जवळजवळ २.९ सेकंद लागतात. आपल्या मंचावर तो १६७ सेंटीमीटरवरून पडतो आणि त्याला ०.६ सेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. म्हणजे आपल्या लहान जगात सगळे सुमारे पाचपट लवकर घडते. मेंदूला हे गणित येत नसले तरी डोळ्यांना ते कळते, आणि म्हणूनच साध्या गतीने चित्रित केलेली ढासळती भिंत तत्काळ खोटी वाटते. उपाय असा की चित्रण जलद गतीने करून ते नेहमीच्या गतीने दाखवायचे. प्रमाण २४ असेल तर २४ चे वर्गमूळ, म्हणजे ४.९, एवढ्या पटींनी वेळ ताणावा लागतो. मोबाइलमध्ये सेकंदाला १२० चौकटींची सोय असते. ते चित्रण सेकंदाला २४ चौकटींनी दाखवले की वेळ बरोबर पाचपट ताणला जातो. हा हिशेब जणू आपल्यासाठीच जुळून आला आहे. २४० चौकटींची सोय असली तरी मोह आवरावा, कारण दहापट ताणले की वीर पाण्यात चालल्यासारखा तरंगू लागतो.

जलद चित्रणाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. प्रत्येक चौकटीच्या वाट्याला पूर्वीच्या एक पंचमांश वेळ येतो, म्हणून पाचपट प्रकाश हवा. जपानी स्टुडिओत दिव्यांच्या रांगा पेटवून ही गरज भागवत. आपल्याला दिवाळीनंतरचे स्वच्छ ऊन मिळते, आणि ते फुकट मिळते. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी तीन ते पाच या वेळा चांगल्या, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात आणि मातीचा पोत उठून दिसतो. आम्ही पहिल्या वेळी रात्रीचे दृश्य घरगुती एलईडी दिव्यांखाली घेतले आणि सारे चित्रण वाया गेले. घरातील वीजप्रवाहावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. एरवी ते कळत नाही, परंतु १२० चौकटींच्या चित्रणात पडदा सतत फडफडत राहतो. रात्र हवीच असेल तर बॅटरीवर चालणारे दिवे वापरावेत, किंवा भर उन्हात चित्रण करून नंतर संगणकावर त्याला निळसर व गडद करावे.

नटाच्या हालचालींचाही यात समावेश होतो. पोशाखातील मुलाने स्वतःहून संथ चालण्याचा अभिनय करू नये. संथपणा कॅमेरा आणतो. त्याने फक्त पाऊल पूर्ण टेकवावे, गुडघा थोडा वाकवून भार घ्यावा आणि मगच दुसरे पाऊल उचलावे. तालमीत किंवा मल्लखांबावर घडलेला मुलगा मिळाला तर फार उत्तम, कारण अंगाचा भार कुठे आहे हे त्याला सांगावे लागत नाही. पाऊल टेकते त्या क्षणी जवळचे खांब आणि तारा किंचित थरथराव्यात म्हणून मंचाखालून दोरी बांधून एकाने ती हलकेच ओढावी. हा बारकावा छोटा आहे, पण वजनाची निम्मी जाणीव त्यातून येते.

कॅमेऱ्याची उंची

आपल्या जगातील माणूस ७ सेंटीमीटरचा आहे, त्यामुळे त्याचे डोळे जमिनीपासून साडेसहा सेंटीमीटरवर आहेत. कॅमेऱ्याची जागा तीच. मोबाइल उभा धरला तर भिंग त्याहून वर जाते, म्हणून तो उलटा, म्हणजे भिंग खाली येईल असा ठेवावा, किंवा मंचाच्या पुढच्या कडेला वीतभर खोल खड्डा खणून त्यात ठेवावा. लाल मातीत हे काम पाच मिनिटांचे आहे. असा खालून पाहिलेला वीर आकाशाला भिडतो आणि मागे खरे आकाश येते. स्टुडिओत रंगवलेला आकाशाचा पडदा लावावा लागे, आपल्याला तो लागत नाही. कॅमेऱ्याच्या अगदी पुढे एखाद्या कौलारू छपराची कड, विजेची तार किंवा माडाची झावळी येऊ द्यावी, म्हणजे पाहणारा आपोआप स्वतःला त्या रस्त्यावर उभा समजतो.

महागडा कॅमेरा नसल्याची खंत येथे बाळगू नये. मोठ्या कॅमेऱ्यात जवळचे स्पष्ट आणि दूरचे पुसट दिसू लागते, आणि तो पुसटपणाच वस्तू लहान असल्याची चुगली करतो. मोबाइलच्या छोट्या संवेदकामुळे जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात.

पडणारी घरे

प्रत्येक घर पाडायचे नसते. दहांपैकी दोनच पाडावीत आणि उरलेली आठ पुठ्ठा व सनबोर्डची करावीत. कौलांसाठी पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढावा, नळ्या उघड्या पडतील, आणि त्यावर गेरू फासावा. जांभ्याच्या भिंतीसाठी सनबोर्डवर बोथट खिळ्याने रेघा मारून तांबूस रंग द्यावा. रंग पुसट, मळकट आणि पावसाच्या ओघळांसह असावा. आपल्याकडे चार महिने इतका पाऊस पडतो की कोणतीच भिंत एकरंगी राहत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. दुकानांच्या पाट्या बेळगावात दिसतात तशा कन्नड, मराठी आणि इंग्रजीत छापून लावाव्यात. दुकानांची नावे मात्र आपणच ठेवलेली असावीत.

जे घर पाडायचे आहे त्याच्या भिंती पातळ पीओपीच्या ओताव्यात. काचेवर तेलाचा हात फिरवून तीन-चार मिलिमीटर जाडीचा थर द्यावा आणि मिश्रणात नेहमीपेक्षा थोडे जास्त पाणी व खडूची पूड घालावी, म्हणजे भिंत ठिसूळ होते. सुकल्यावर मागच्या बाजूने करवतीच्या पात्याने वेडेवाकडे चर पाडावेत. घर पोकळ असता कामा नये. फुटल्यावर आत मजला, तुळया, जिना, एखादी खाट दिसली पाहिजे. काड्यापेटीच्या काड्या, जुन्या चटईचे तुकडे आणि पीओपीचा चुरा आत भरावा. धुळीसाठी चाळलेली मुलतानी माती सर्वांत चांगली. पीठ किंवा सिमेंट कधीही वापरू नये. हवेत उडालेले पीठ ठिणगी लागताच भडकू शकते आणि सिमेंट डोळ्यांना व फुप्फुसांना घातक असते. मंचाभोवती असलेल्या प्रत्येकाने चश्मा आणि नाकावर फडके बांधावे.

घर एकदाच पडते. म्हणून तीन मोबाइल तीन कोनांत आधी सुरू करावेत, तिघांनी मोठ्याने ‘चालू’ म्हटल्याशिवाय नटाने हात उचलू नये, आणि त्याआधी रिकाम्या खोक्यावर चार वेळा सराव करावा. मूळ मालिकेच्या २६ व्या व २७ व्या भागांत गोमोरा नावाचा कैजू ओसाकाचा किल्ला उद्ध्वस्त करतो. ते दृश्य अनेक वेळा पाहावे आणि वास्तूचा कोणता भाग आधी ढासळतो, धूळ किती वेळ रेंगाळते, हे वहीत टिपावे. आग आणि पाणी दोन्ही टाळावीत. ज्वाला आणि थेंब यांचा आकार आपण बदलू शकत नाही, त्यामुळे बादलीभर पाण्याचा पूर हा बादलीभर पाणीच दिसतो. मूळ मालिकेत स्फोट प्रशिक्षित माणसे करत. फोम आणि रेक्झिनच्या पोशाखाजवळ आपण फुलबाजीसुद्धा पेटवू नये.

वीराचे रूप

अल्ट्रामॅनचे रूप त्याच्या निर्मात्यांच्या मालकीचे आहे, म्हणून त्याची नक्कल न करता आपला वीर आपणच घडवावा. पण ते रूप कसे घडले हे अभ्यासण्यासारखे आहे. संकल्पना तोरु नारिता यांची आणि शिल्प आकिरा सासाकी यांचे. नारिता यांनी सुरुवातीच्या आराखड्यांतून एकेक गोष्ट वजा करत नेली आणि शेवटी चंदेरी अंगावर लाल पट्टे, गुळगुळीत चेहरा आणि ओठांवर प्राचीन मूर्तींसारखे अस्फुट स्मित एवढेच शिल्लक ठेवले. आपल्याकडे चित्ररथ सजवताना भर घालण्याची सवय असते. येथे उलट करावे. मुलांना आधी हवे ते सर्व काढू द्यावे आणि मग दररोज एक वस्तू खोडायला सांगावी. कमलबस्तीतील जिनमूर्तीचा शांत चेहरा दाखवला तर काय ठेवायचे आणि काय खोडायचे हे त्यांना शब्दांवाचून कळेल.

छातीवरील दिवा नारिता यांच्या आराखड्यात नव्हता, तो नंतर बसवला गेला. वीराला पृथ्वीवर तीनच मिनिटे टिकता येते आणि शक्ती संपत आली की निळा दिवा लाल होऊन लुकलुकतो. तेव्हा जपानमधील कित्येक घरांत कृष्णधवल संच होते, म्हणून लुकलुक आणि सोबतचा इशाऱ्याचा आवाज कामाला येई. कथालेखनाच्या दृष्टीने ही तीन मिनिटे म्हणजे वरदान आहे. आपल्याही वीराला एक मर्यादा द्यावी आणि ती लढाई सुरू होण्याआधी पाहणाऱ्याला कळू द्यावी.

मुखवट्यासाठी शाडूची किंवा खानापूरकडची कुंभाराची चिकणमाती घ्यावी, नटाच्या डोक्याच्या मापापेक्षा दीड सेंटीमीटर मोठा चेहरा घडवावा, त्यावर पीओपीचा दोन भागांचा साचा घ्यावा आणि आतून कागदाच्या लगद्याचे पाच-सहा थर द्यावेत. गणपतीच्या कारखान्यात काम केलेला कोणी सोबत असेल तर हे काम चार दिवसांत होते. फायबरचा मुखवटा अधिक टिकतो, पण त्याचे रसायन उग्र असते, म्हणून ते काम मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करावे. अल्ट्रामॅनचा पहिला मुखवटा ओठ हलावेत म्हणून लवचिक लेटेक्सचा केला होता आणि त्याच्या गालांना सुरकुत्या पडत. पुढे कडक फायबरचे मुखवटे आले. आपण ओठ हलवण्याच्या फंदात पडू नये. डोळ्यांखाली बारीक छिद्रे पाडून नटाला पाहण्याची सोय करावी. अल्ट्रामॅनच्या पोशाखातील नट बिन फुरुया यांनाही अशाच छिद्रांतून पाहावे लागे. त्यांची निवड उंच, सडपातळ बांध्यामुळे झाली होती, आणि त्यांचा पोशाख पाणबुड्यांच्या रबरी पोशाखावर बेतलेला होता. आपण ताणले जाणारे जाड कापड घ्यावे, मापाने शिवून घ्यावे आणि कापडाचे रंग द्यावेत. नटाला एका वेळी पाच मिनिटांहून जास्त पोशाखात ठेवू नये, आणि एक मुलगा फक्त त्याच्याकडे लक्ष देण्यासाठी, पाणी व पंखा घेऊन, नेमलेला असावा.

कैजू

नारिता यांनी कैजू रेखाटताना स्वतःवर तीन बंधने घातली होती. खरा प्राणी नुसता मोठा करून ठेवायचा नाही. दोन डोकी किंवा भरमसाट हातपाय लावून विद्रूपता आणायची नाही. जखमा, रक्त किंवा आतडी दाखवून भीती निर्माण करायची नाही. ही बंधने तुमच्याही भिंतीवर लिहून ठेवावीत. आपल्या भागात गवा दिसतो म्हणून मोठा गवा करणे हे पहिल्याच बंधनात बसत नाही. पण गव्याच्या खांद्यांची रेषा, वडगावच्या मागावरील धोट्याचा आकार आणि उद्यमबागेतील ओतशाळेतून निघालेल्या धातूच्या मळीचा खडबडीत पोत एकत्र आणला, तर कुणी कधी न पाहिलेला आणि तरीही येथलाच वाटणारा कैजू तयार होतो.

मालिकेतील बहुतेक कैजूंचे पोशाख र्योसाकु ताकायामा यांनी घडवले, आणि काटकसर कशी करावी हे तेथूनच शिकावे. दुसऱ्या भागातील बाल्टन हा परग्रहवासी आधीच्या ‘अल्ट्रा क्यू’ मालिकेतील सिकाडा-मानवाच्या पोशाखात बदल करून केला होता. दहाव्या भागातील जिरास म्हणजे मानेभोवती झालर लावलेला गॉडझिलाचा पोशाख. १९६५ च्या एका चित्रपटासाठी केलेला बारागॉनचा पोशाख तर पुढे पागोस, नेरोंगा, मागुलर आणि गाबोरा अशा चार कैजूंच्या कामी आला. मागच्या वर्षीच्या चित्ररथातील वाघाचे अंग, गणपतीच्या सजावटीतील फोम, जुन्या गाद्या, सगळे गोळा करून ठेवावे.

कैजूला कारण असावे. २३ व्या भागातील जामिला हा मुळात पाणी नसलेल्या ग्रहावर सोडून दिलेला अंतराळवीर असतो. तो कैजू होऊन परततो आणि शेवटी पाण्यानेच मरतो. दिग्दर्शक अकिओ जिस्सोजी यांच्या या भागात वीराचा विजय पाहून आनंद होत नाही. लहान मुलांच्या मालिकेत १९६६ साली असे लिहिले आणि दाखवले गेले, याबद्दल मला फार आदर वाटतो. त्या मालिकेचे प्रमुख लेखक तेत्सुओ किंजो हे ओकिनावाच्या मातीतून आलेले होते. तुमची कथा लिहिताना कैजू कुठून आला, त्याला काय हवे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहावीत आणि मगच लढाई आखावी.

किरण, उड्डाण आणि माणसे

वीराच्या हातातून निघणारा किरण सादाओ इइझुका यांनी चित्रण झाल्यावर चौकटीगणिक रेखाटला. आज हे काम संगणकावरील किंवा मोबाइलवरील साध्या प्रणालीत होते, पण तीन सेकंदांच्या किरणासाठी आजही ७२ चौकटी तपासाव्या लागतात. त्या वेळी कॅमेरा तिवईवर घट्ट असावा आणि नटाने हात अजिबात हलवू नये. किरण निघतो तेव्हा नटाच्या छातीवर रंगीत जिलेटीन लावलेल्या बॅटरीचा उजेड टाकावा, नाहीतर किरण वरून चिकटवल्यासारखा दिसतो. उड्डाणासाठी वीतभर लांबीची बाहुली मासे धरण्याच्या बारीक नायलॉन दोऱ्यावर टांगावी. बाहुली उताणी टांगून चित्रण नंतर उलटे केले तर दोरा खालच्या बाजूला जातो, आणि दोरा शोधणारा डोळा मात्र वरच पाहत राहतो.

त्सुबुरायांच्या मालिकांत माणसांची दृश्ये घेणारा चमू आणि विशेष दृश्ये घेणारा चमू वेगळे असत. आपणही दोन गट करावेत, परंतु दोघांच्या हातात एकच चित्रांकित पटकथा असावी, आणि ऊन कोणत्या बाजूने येते हे प्रत्येक चौकटीत बाणाने दाखवलेले असावे. खऱ्या रस्त्यावर माणसे वर पाहतात तेव्हा प्रत्येकाची नजर वेगळीकडे गेली की सारा परिणाम विरतो. वीर शंभर मीटरवर उभा आहे असे धरले तर त्याच्या डोक्याकडे पाहायला नजर सुमारे २२ अंश वर उचलावी लागते. त्या दिशेला असलेली पाण्याची टाकी किंवा माडाचा शेंडा नेमून सर्वांना तेथेच पाहायला सांगावे.

आवाज आणि आवरासावर

गॉडझिलाची डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून मिळवली आणि ध्वनिमुद्रणाची गती बदलून तिला प्राण्याचे रूप दिले. आपल्याकडे तंबोऱ्याची जाड तार, ढोलाच्या कातड्यावर ओला अंगठा ओढून निघणारा आवाज आणि हातमागाचा खडखडाट आहे. हे सर्व मोबाइलवर मुद्रित करून अर्ध्या गतीने ऐकून पाहावे. पावलांसाठी मातीने भरलेले गोणपाट उंचावरून जमिनीवर टाकावे आणि तोही आवाज संथ करावा. जलद चित्रणासोबत आलेला मूळ आवाज काढूनच टाकावा.

चित्रण संपल्यावर पोशाख त्याच दिवशी उलटा करून सावलीत वाळवावा. मुखवट्याच्या आतला घाम कोरड्या फडक्याने टिपून त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, म्हणजे आकार बिघडत नाही. पुढच्या पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून सर्व काही कोरड्या माळ्यावर, कडुलिंबाच्या पाल्यासह, कापडात बांधून ठेवावे. कैजूचे डोके मात्र धडापासून सोडवून वेगळे ठेवावे, कारण पुढच्या दिवाळीत त्या धडावर दुसरे डोके बसणार आहे.